दोन किलो मिठाचं काम काय? फरफ्युरालच्या एका जुन्या कृतीचा प्रकरण अभ्यास

पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेतल्या प्रयोगशाळा बऱ्याचशा रसायनांसाठी जर्मनीवर अवलंबून होत्या. युद्धात तो पुरवठा तुटला, तेव्हा इलिनॉय विद्यापीठात उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांकडून ही रसायनं बनवून घ्यायला सुरुवात झाली. त्या अनुभवातून १९२१ साली ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’ ही पडताळून पाहिलेल्या कृतींची मालिका निघाली. तिच्या पहिल्याच खंडात रॉजर ॲडम्स आणि व्ही. वूरहीस यांची फरफ्युरालची कृती आहे. फरफ्युराल म्हणजे वनस्पतींच्या टाकाऊ भागांतल्या साखरेपासून निघणारं तेलकट द्रव रसायन. साहित्य असं: दाणे काढून वाळवलेली मक्याची कणसं १५०० ग्रॅम, १० टक्के सल्फ्युरिक आम्ल ५ लिटर आणि साधं मीठ २ किलो. हे सगळं १२ लिटरच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये भरून उकळायचं. वाफ थंड केली की तळाशी तेलासारखा थर बसतो, तो काढून घ्यायचा, आणि वरचं पाणी पुन्हा फ्लास्कमध्ये सोडायचं. शुद्ध केल्यावर हाती येतं १६५ ते २०० ग्रॅम फरफ्युराल.

कणसांपेक्षा मीठ जास्त! साखरेपासून फरफ्युराल होताना मीठ कुठल्याच समीकरणात येत नाही. ते खर्चही होत नाही, शेवटी जेवढंच्या तेवढं फ्लास्कमध्ये उरतं. तरीही ते दोन किलो घातलंय. विरघळलेले क्षार या अभिक्रियेवर काय परिणाम करतात, हा प्रश्न समजून घ्यायला मला तरी या कृतीइतकं चांगलं प्रकरण दुसरं दिसत नाही, कारण तिच्यात मिठाची निदान चार वेगवेगळी कामं एकाच वेळी चालू आहेत: उकळीचं तापमान चढवणं, फरफ्युरालला द्रावणाबाहेर हुसकणं, आम्लाचा जोर वाढवणं आणि क्लोराइडचा स्वतःचा रासायनिक हात. पुढच्या काळात ज्यांनी ‘मीठ घातलं की उतारा (हाती येणारं उत्पादन) वाढतो’ एवढंच लक्षात ठेवलं, त्यांना ती चार कामं एकमेकांपासून सुटी करता आली नाहीत.

आधी हिशेब

मक्याच्या रिकाम्या कणसात झायलन भरपूर असतं. झायलन म्हणजे झायलोज या पाच कार्बनांच्या साखरेची साखळी. आम्लात ती तुटते, झायलोज सुटं होतं, आणि पुढे तापत राहिलं की प्रत्येक झायलोज पाण्याचे तीन रेणू टाकून फरफ्युराल बनतं. १५० ग्रॅम झायलोजमधून जास्तीत जास्त ९६ ग्रॅम फरफ्युराल निघू शकतं. साखळीतल्या झायलनचा हिशेब केला तर १३२ ग्रॅमला ९६.

कणसात ३० टक्के झायलन धरू. १५०० ग्रॅमला ४५० ग्रॅम झायलन, म्हणजे कागदावर सुमारे ३२७ ग्रॅम फरफ्युराल. कृतीतून मिळतं १६५ ते २००, म्हणजे ५० ते ६० टक्के. साध्या काचेच्या फ्लास्कमध्ये, वातावरणाच्या दाबाखाली, शंभर वर्षांपूर्वी. आजही कित्येक कारखाने याच पट्ट्यात किंवा त्याच्या खाली आहेत.

उरलेले ४० ते ५० टक्के जातात कुठे? फरफ्युराल आम्लात स्वस्थ बसत नाही. ते स्वतःशी जुळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे झायलोजपासून फरफ्युराल होण्याच्या वाटेवर जे अर्धवट पदार्थ बनतात त्यांच्याशीही जुळतं. त्यातून काळपट, कशातच न विरघळणारी राळ होते. तिला ह्युमिन म्हणतात. त्यामुळे या अभिक्रियेत दोन वेग सांभाळावे लागतात: फरफ्युराल बनण्याचा आणि ते नासण्याचा. क्षाराबद्दल काहीही विधान करताना तो कुठल्या वेगाला हात घालतोय हे विचारावंच लागतं.

आता मीठ. ५ लिटर १० टक्के आम्लात पाणी साधारण ४.८ किलो आणि सल्फ्युरिक आम्ल सुमारे ५.४ मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक). दोन किलो मीठ म्हणजे ३४ मोल. पाण्याच्या हिशेबात दर १०० ग्रॅमला जवळजवळ ४२ ग्रॅम. शुद्ध पाण्यात १०० अंश सेल्सिअसला मीठ विरघळतं ३९ ग्रॅम. म्हणजे फ्लास्कमधलं द्रावण उकळताना मिठाने संपृक्त आहे, आणि थोडं मीठ तळाशी पडूनही असेल. हा आकडा अंदाजपंचे घेतलेला वाटत नाही. जेवढं मावेल तेवढं मीठ घातलंय.

उकळी आणि हुसकणं

मिठाने संपृक्त झालेलं पाणी १०८ ते १०९ अंशांना उकळतं. आठ-नऊ अंश म्हणजे फार नाही, असं वाटू शकतं. पण झायलोजच्या निर्जलीकरणाची (पाणी टाकून फरफ्युराल होण्याची) सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला ओलांडावा लागणारा उंबरठा, मोठी आहे. ती १२५ किलोज्यूल प्रति मोल धरली, तर १०० वरून १०८ अंशांवर जाताना वेग सव्वादोन-अडीच पट होतो. उघड्या फ्लास्कमध्ये उकळणाऱ्या द्रावणाचं तापमान ज्योत मोठी करून वाढत नाही. नुसती वाफ जास्त होते. तापमान वाढवायचं तर एकतर दाब हवा, नाहीतर द्रावणात काहीतरी विरघळवायला हवं. ॲडम्स-वूरहीस यांच्याकडे काचेचा फ्लास्क होता. दाब नव्हता. मीठ होतं.

आता दुसरा भाग. फरफ्युराल १६२ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्याहून कितीतरी वर. तरीही पाण्याबरोबर ते सहज वाफेत जातं, कारण दोघांचं एक ठरावीक मिश्रण ९८ अंशांच्या जवळ एकत्र उकळतं आणि त्या वाफेत वजनाने सुमारे ३५ टक्के फरफ्युराल असतं. थंड झाल्यावर एवढं फरफ्युराल पाण्यात मावत नाही. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात ते जेमतेम ८ ग्रॅम विरघळतं. म्हणून कंडेन्सरखाली जमणारं पाणी आधी दुधासारखं गढूळ दिसतं, मग त्यात बारीक थेंब धरतात, ते घरंगळत तळाशी जातात आणि एकमेकांत मिसळून पिवळसर थर होतो. कडू बदामासारखा वास येतो. तो थर दोन दिवस उजेडात ठेवला तर तांबूस, नंतर तपकिरी होतो. त्याच्या नासण्याचा स्वभाव डोळ्यांनी बघायचा तर यापेक्षा सोपी जागा नाही. (वास घेत बसू नये. फरफ्युराल विषारी आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं.)

मीठ या वाटेत दोन्ही बाजूंनी ढकलतं. सोडियम आणि क्लोराइडचे आयन पाण्याचे रेणू आपल्याभोवती गुंतवून ठेवतात. संपृक्त मिठाच्या द्रावणावर पाण्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे ७५ टक्केच उरतो. म्हणजे पाणी वाफ व्हायला नाखूश. उलट फरफ्युरालला सामावून घ्यायला मोकळं पाणी कमी उरल्यामुळे ते द्रावणाबाहेर पडायला अधिकच उत्सुक. वाफेत फरफ्युरालचा वाटा वाढतो, फ्लास्कमधला त्याचा मुक्काम कमी होतो, आणि राळ व्हायला वेळ मिळत नाही.

क्षारामुळे दुसऱ्या पदार्थाची विद्राव्यता कशी घटते याचा नियम रशियाच्या इव्हान सेचेनोव यांनी १८८९ मध्ये मांडला: विद्राव्यतेचा लॉगॅरिदम क्षाराच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत उतरतो. गंमत अशी की सेचेनोव हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ, मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरच्या कामासाठी ओळखले जाणारे. रक्तात कार्बन डायऑक्साइड कसा विरघळतो हे शोधता शोधता ते क्षारांच्या द्रावणांपर्यंत आले. सरळ रेषा लॉगॅरिदमची असल्यामुळे मीठ दुप्पट केलं की परिणामाच्या पटीचा वर्ग होतो, दोन पटींचे चार पट. जेवढं मावेल तेवढं मीठ घालण्यामागे हेही कारण असू शकतं.

कागदाच्या लगद्यातलं पेंटोसन (झायलनसारख्या पाच कार्बनी साखरांच्या साखळ्या) मोजायच्या टॅपी या कागद उद्योगाच्या तांत्रिक संघटनेच्या प्रमाण पद्धतीतही नमुना हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर उकळताना मीठ घालतात. तिथे तर सगळं झायलन फरफ्युराल होऊन वाफेवाटे बाहेर आलं पाहिजे, नाहीतर मोजणीच चुकते. अशा ऊर्ध्वपातनात संपलं की नाही ते बघायची जुनी युक्ती म्हणजे ॲनिलिन ॲसिटेटने भिजवलेला कागद. त्यावर थेंब पडला आणि लालभडक डाग उठला, तर अजून फरफ्युराल येतंय.

आम्लाचं काय होतं

इथवर मीठ फक्त भौतिक कामं करत होतं. यापुढे ते रसायनात शिरतं, आणि इथे बराच गोंधळ होतो.

सल्फ्युरिक आम्ल पहिला प्रोटॉन (आम्लपणा देणारा हायड्रोजनचा आयन) पूर्ण सोडतं. दुसरा सोडताना ते खोलीच्या तापमानालाही अर्धंमुर्धंच राजी असतं. पहिला प्रोटॉन गेल्यावर उरतं ते बायसल्फेट. त्याचा पीकेए (हा आकडा जितका मोठा तितकं आम्ल दुबळं) २५ अंशांना २ च्या आसपास आहे. तापमान वाढलं की तो चढत जातो आणि २०० अंशांपाशी ४ च्या वर जातो. म्हणजे गरम द्रावणात सल्फ्युरिक आम्ल व्यवहारात एकाच प्रोटॉनचं आम्ल. सल्फेट आयन मोकळा फिरत असेल तर तो उलट समोर दिसेल तो प्रोटॉन गिळतो.

आपल्या फ्लास्कमध्ये एका प्रोटॉनामागे सहा क्लोराइड आहेत. क्लोराइडला प्रोटॉनची अजिबात ओढ नाही. म्हणून सल्फ्युरिक आम्ल आणि मीठ यांचं हे मिश्रण म्हणजे कामापुरतं हायड्रोक्लोरिक आम्लच, सोबत सोडियम बायसल्फेट. प्रयोगशाळेत सहज मिळणाऱ्या दोन स्वस्त वस्तूंमधून ते जागेवर तयार होतं. शिवाय दाट मिठात प्रोटॉनची सक्रियताही वाढते. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात मीठ टाकत गेलं की पीएच मीटरवरचा आकडा खाली सरकताना दिसतो, आम्लाचा एक थेंबही न वाढवता. एवढ्या दाट द्रावणात मीटरच्या आकड्यावर शब्दशः विश्वास ठेवू नये, इलेक्ट्रोडचा सांधाही त्यात आपली भर घालतो. पण दिशा खरी आहे.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो, आणि तो बरेच जण विसरतात. ‘क्षार’ म्हणून सोडियम सल्फेट घेतलं तर परिणाम नेमका उलटा होईल. तेही पाणी गुंतवतं, तेही फरफ्युरालला हुसकतं, उलट वजनाच्या मानाने जास्तच. पण गरम द्रावणात ते आम्ल खातं. वेग पडतो. मग कुणीतरी लिहितं की क्षारांमुळे अभिक्रिया मंदावते, आणि दुसरा कुणी मीठ घालून लिहितो की वेग वाढतो. दोघांचेही आकडे बरोबर असतात.

समुद्राच्या पाण्याचा विचार इथे मनात येतोच. कोकण किनाऱ्यावर तर ते फुकट आहे, मीठ आधीच विरघळलेलं आहे. पण समुद्राच्या एका लिटरमध्ये साडेपाचशे मिलिमोल क्लोराइडबरोबर सुमारे २८ मिलिमोल सल्फेट आणि दोन-सव्वादोन मिलिमोल बायकार्बोनेटही असतं. त्यात ५० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल करून १८०-२०० अंशांपर्यंत तापवलं, तर बायकार्बोनेट आधीच आपला वाटा घेऊन जाईल आणि सल्फेटपैकी बराचसा बायसल्फेट होऊन बसेल. काही सल्फेट कॅल्शियमबरोबर निर्जल जिप्सम होऊन भिंतींवर चिकटेल, काही मॅग्नेशियमबरोबर जोडी करून राहील. ढोबळ हिशेबाने निम्म्याच्या आसपास आम्ल गेलं. ॲडम्स-वूरहीस यांच्या एक मोलर आम्लात ही घट जाणवलीही नसती. पातळ आम्लात ती सगळा खेळ बदलते.

क्लोराइडचा स्वतःचा हात

१९२१ च्या कृतीत क्लोराइड दाखवतं ते काम प्रत्यक्षात ओळखलं गेलं फार नंतर. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्र विद्यापीठातल्या मार्कोतुल्लियो आणि डी योंग यांनी ५० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात शुद्ध झायलोज घेऊन १७० ते २०० अंशांवर प्रयोग केले आणि त्यात वेगवेगळी क्लोराइडं घातली. इथे बंद पात्र आहे, म्हणून उकळी वर जाण्याचा प्रश्न नाही. वाफ बाहेर काढली जात नाही, म्हणून हुसकण्याचाही लाभ नाही. आम्ल हायड्रोक्लोरिकच, म्हणून सल्फेटची भानगड नाही. वर सांगितलेली बहुतेक कामं अशी बाजूला काढल्यावरही मिठाचा परिणाम उरलाच. साधं मीठ घातल्यावर खर्च झालेल्या झायलोजपैकी ९० टक्क्यांपर्यंत फरफ्युरालकडे वळवता आलं. ही निवडकता मला वेगापेक्षाही महत्त्वाची वाटते. राळेकडे जाणारी वाट आखडली, याचा अर्थ क्लोराइड सगळं काही सारखंच वेगाने पुढे ढकलत नव्हतं, एका विशिष्ट पायरीला हात घालत होतं.

त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं. पाण्यातलं झायलोज जवळजवळ सगळं कड्याच्या रूपात असतं. उघड्या साखळीचं रूप खोलीच्या तापमानाला हजारात एकही नसतं. तापल्यावर ते थोडं वाढतं. त्या उघड्या रूपाचं एनडायॉल या मधल्या पदार्थात रूपांतर होण्याची पायरी संथ आहे, आणि क्लोराइड तिला मदत करतं. एकदा एनडायॉल झालं की आम्ल उरलेलं पाणी काढून टाकतं. गरम पाण्यात आयनांची वागणूकही बदलते. २०० अंशांना पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (विद्युतभारांमधली ओढ दुबळी करायची ताकद) ३५ च्या आसपास येतो, खोलीच्या तापमानाला तो ७८ असतो. पाण्याचा आयनांभोवतीचा वेढा सैल होतो, आणि एरवी निष्क्रिय वाटणारा क्लोराइड साखरेशी सलगी करू लागतो.

पुढच्याच वर्षी त्याच दोघांनी ब्रोमाइड आणि आयोडाइडही तपासली. हॅलाइडं (क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड हे कुळ) निदान दोन वेगळ्या पायऱ्यांवर काम करतात असं त्यातून दिसलं: एनडायॉल बनण्याच्या पायरीत आयनाच्या न्यूक्लिओफिल गुणाला (इलेक्ट्रॉन देऊन दुसऱ्या रेणूशी जुळायच्या ओढीला) फारसं महत्त्व नाही, निर्जलीकरणात मात्र आहे. दोन वेगळे हॅलाइड एकत्र घातले तर एकमेकांना पूरक ठरतात. आयोडाइड कुणी कारखान्यात टनावारी घालणार नाही, पण यंत्रणा उलगडायला हा प्रयोग नामी आहे.

एनडायॉलची कथा अंतिम मानू नये. १९९१ मध्ये अँटल आणि सहकाऱ्यांनी झायलोजच्या कड्याच्या रूपातूनच, मध्ये अनहायड्रो-शर्करा बनून फरफ्युराल होतं अशी मांडणी केली होती, आणि ती आजही गंभीरपणे घेतली जाते. माझं मत विचाराल तर दोन्ही वाटा उघड्या असाव्यात आणि कुठल्या वाटेने किती जायचं हे तापमान, आम्ल आणि क्षार मिळून ठरवत असावेत. ते मान्य केलं तर १०८ अंशांवरच्या फ्लास्कमध्ये डेल्फ्टची यंत्रणा जशीच्या तशी लावता येणार नाही. तिथे क्लोराइडचा रासायनिक वाटा असेल, पण तो उकळी आणि हुसकण्याच्या मानाने लहान असेल, असं मला वाटतं.

फेरिक क्लोराइड, ॲल्युमिनियम क्लोराइड, क्रोमियम क्लोराइड हे वेगळंच कुळ. त्यांच्यात क्लोराइडपेक्षा धातूचा आयन मोठा कर्ता आहे. तो ल्युइस आम्ल (इलेक्ट्रॉनांची जोडी ओढून घेणारा पदार्थ) म्हणून झायलोजचं झायल्युलोज ही भावंड साखर करतो, आणि झायल्युलोज फरफ्युराल व्हायला जास्त उतावीळ. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या व्लाखोस यांच्या गटाने क्रोमियम क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र वापरून नुसत्या पाण्यात ३९ टक्के आणि टोल्यूइनचा थर जोडून ७६ टक्के उतारा दाखवला. फरक कशाने पडला? धातू तोच, आम्ल तेच. फरफ्युरालला पळायला वरचा थर मिळाला. १९२१ चा फ्लास्क जे काम वाफेकडून करून घेत होता ते इथे टोल्यूइनने केलं. शिवाय असे धातू पाण्यात फुटून स्वतः प्रोटॉन सोडतात, त्यामुळे ‘क्षार घातला’ म्हणताना नकळत आम्लही घातलेलं असतं. फेरिक तर दीडशेच्या वरच्या तापमानाला लोखंडाचं ऑक्साइड होऊन खाली बसतं आणि मागे हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवतं.

कणसाचं स्वतःचं मीठ

शुद्ध झायलोजवरच्या प्रयोगांतून कणसांवर उडी मारताना एक हिशेब हमखास राहतो. कणसात दीड-दोन टक्के राख असते आणि तिच्यात पोटॅशियम मोठ्या प्रमाणात. १५०० ग्रॅम कणसांची दीड टक्क्याने २२ ग्रॅम राख. त्यातली निम्मी पोटॅशियम कार्बोनेटसारखी अल्कलीधर्मी धरली, तर ती ०.१६ मोल आम्ल मारते. जुन्या कृतीत आम्ल ५.४ मोल, म्हणजे तीन टक्क्यांचा फटका, विसरून जा. आता तेवढीच कणसं ५ लिटर ५० मिलिमोलर आम्लात टाका. आम्ल आहेच मुळी ०.२५ मोल. त्यातलं दोन तृतीयांश कणसांनीच खाल्लं. शेतातली माती चिकटलेली असेल आणि तिच्यात चुनखडी असेल तर उरलेलंही गेलं. अशा वेळी मीठ घालून ‘काहीच परिणाम दिसत नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि दोष मिठाचा नसतो. पातळ आम्लात काम करायचं तर कच्चा माल आधी धुवावा, किंवा राखेचं मोजमाप करून तेवढं आम्ल जास्त घालावं.

चार कामं सुटी कशी करायची

हे सगळं तर्काने सांगता आलं तरी कुठल्या कामाचा किती वाटा, ते प्रयोगच सांगेल. मी मांडणी अशी करीन. जाड भिंतीच्या झाकबंद नळ्या, तेलाच्या बाथमध्ये, शुद्ध झायलोज. एक मोलर सल्फ्युरिक आम्लात बिनमिठाची नळी १०० अंशांना आणि तशीच १०८ अंशांना: दोघींतला फरक म्हणजे नुसत्या तापमानाचा वाटा. मग १०८ अंशांनाच मीठ घालून: तापमान तेच, वाफ बाहेर जात नाही, म्हणून इथला फरक आम्ल आणि क्लोराइड यांचा मिळून. हे दोघे वेगळे करायला हायड्रोक्लोरिक आम्लाच्या दोन नळ्या, एकीत मीठ, दुसरीत तेवढ्याच मोलचं सोडियम मिथेनसल्फोनेट. त्याचं आम्ल जोरदार असल्यामुळे ते प्रोटॉन गिळत नाही, आणि साखरेशीही लगट करत नाही. अशा कामाला पूर्वी परक्लोरेट वापरायचे, पण सेंद्रिय पदार्थ, गरम आम्ल आणि परक्लोरेट हे त्रिकूट बंद नळीत नको.

या रांगेत सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी नळी म्हणजे जिच्यात झायलोज नाहीच, फक्त फरफ्युराल, आम्ल आणि मीठ. फरफ्युराल एकटं असताना मीठ त्याचं नासणं वाढवतं की नाही, हे तिथे कळतं. आणि झायलोज असलेल्या नळीत फरफ्युराल त्याहून लवकर नासत असेल, तर तोटा मधल्या पदार्थांशी जुळण्यातून होतोय.

मोजताना दोन सापळे. मीठ जागा व्यापतं, म्हणून प्रमाण लिटरवर न धरता पाण्याच्या किलोवर धरावं; नाहीतर मिठाच्या नळीत साखर आपोआप पातळ होते आणि वेग उगाच कमी दिसतो. दुसरं, साखरांसाठी जो हायड्रोजन-रूपातला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) कॉलम सर्रास वापरतात, त्याला एवढं सोडियम सहन होत नाही. सोडियम कॉलममधल्या प्रोटॉनांची जागा घेतं, शिखरं सरकू लागतात आणि महागडा कॉलम वाया जातो. नमुना भरपूर पातळ करावा, आणि फरफ्युरालपुरतं तरी २७७ नॅनोमीटरवर अतिनील किरणांनी मोजावं. तिथे त्याचं शोषण जोरदार आहे आणि मिठाला रंगच नाही.

कारखान्याने मीठ का घेतलं नाही

कृती छापून आली त्याच्या पुढच्या वर्षी, १९२२ मध्ये, क्वेकर ओट्स कंपनीने आयोवातल्या सीडर रॅपिड्सला ओटच्या टरफलांपासून फरफ्युराल काढायला सुरुवात केली. सल्फ्युरिक आम्ल होतं, दाबाखालची वाफ होती. मीठ नव्हतं. दाबाने तापमान दीडशेच्या पुढे नेता येतं, म्हणून उकळी वर न्यायला मीठ नको. सतत सोडलेली वाफ फरफ्युराल बनल्याबरोबर घेऊन जाते, म्हणून हुसकायलाही मीठ नको. बाष्पक (बॉयलर) नसलेल्या प्रयोगशाळेने मिठाकडून जी कामं करून घेतली, ती कारखान्यात बाष्पकाने केली. बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणारे डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सेंट्रल रोमाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेझेला इथले प्रकल्पही वाफेवरचेच.

त्यात मिठाचा बोजा बघा. २ किलो मिठामागे १८० ग्रॅम फरफ्युराल, म्हणजे एक किलोमागे ११ किलो मीठ. उरलेला चोथा कारखान्यात इंधन म्हणून बाष्पकात जाळतात. तो मिठाने भिजलेला असेल तर क्लोराइड नळ्यांवर चिकटून त्या खातं. गरम आम्ल आणि क्लोराइड एकत्र आले की ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात आणि ताणाखाली चिरा जातात. मग काचेचं अस्तर, हॅस्टेलॉय (गंजाला दाद न देणारा निकेलचा मिश्रधातू) किंवा झिरकोनियम. त्यात फेरिक क्लोराइडचा मोह झाला तर झिरकोनियमही बाद, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात फेरिक आयन आले की त्यालाही खड्डे पडू लागतात.

आपल्याकडे हा प्रश्न अगदीच परका नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत साचे घट्ट करायला फ्युरान राळ वापरतात, ती फरफ्युरिल अल्कोहोलपासून होते आणि तेही फरफ्युरालपासूनच. त्याच जिल्ह्यात साखर कारखान्यांचं बगॅस आहे. पण ते बगॅस आज सहवीजनिर्मितीच्या बाष्पकात जातं, म्हणून चोथ्यात मीठ सोडणारी कुठलीही पद्धत तिथे पहिल्याच बैठकीत बाजूला पडेल. शक्यता उरते ती बगॅसमधलं झायलोज आधी वेगळं काढून, मिठाचं द्रावण बंद चक्रात फिरवत, वर सॉल्व्हंटचा थर ठेवून फरफ्युराल उचलायची. चोथा बिनमिठाचा राहतो, आणि क्लोराइडचा रासायनिक फायदा मिळतो.

तिथेही मीठ जसंच्या तसं फिरत राहत नाही. प्रत्येक फेरीत बगॅसमधलं पोटॅशियम, सुटलेलं ॲसेटिक आम्ल, साखरेतून निघणारं फॉर्मिक आम्ल आणि राळेचे बारीक कण त्यात साठत जातात. फॉर्मेट आणि ॲसिटेट गरम द्रावणात सल्फेटसारखेच प्रोटॉन धरून बसतात. त्यामुळे दर फेरीला थोडं द्रावण काढून टाकावं लागणार. किलोमागे ११ किलो मीठ फिरत असेल आणि त्यातलं २ टक्केही बाहेर सोडलं, तरी फरफ्युरालच्या प्रत्येक किलोमागे २२० ग्रॅम मीठ सांडपाण्यात. प्रकल्प अहवालात हा आकडा सगळ्यात आधी मागावा, उताऱ्याचा नंतर.